तिकिटाची मागची बाजू

दुर्गेशची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी एस.टी.च्या सीटखाली वाकलेली होते आणि माझी ओढणी एका खिळ्यात अडकली होती. अशा अवस्थेत कुणी कुणाच्या प्रेमात पडतं का? पण आमचं नशीबच तसं, त्याला कोण काय करणार.

आंजीहून वर्ध्याला जाणारी सकाळची गाडी होती. पुढच्या बाईच्या हातून तिकीट खाली पडलं, त्यावर ‘खरांगणा’ छापलेलं होतं, आणि मला ते हवं होतं. आदल्याच रविवारी मी खरांगण्याला जाऊन आले होते, पण माझं तिकीट खिडकीतून उडून गेलं होतं. दुसऱ्याचं तिकीट आपलं म्हणून वहीत लावायचं, ही तशी लबाडीच. पण माझी वही, माझी लबाडी.

“खालचं तिकीट काऊन उचलून राह्यल्या तुम्ही?” वरून आवाज आला.

नवा कंडक्टर. कपाळावर आठ्या, पण डोळे मात्र हसू दाबत असलेले. मी फुकट प्रवास करते आहे असं त्याला वाटलं असावं. माझं डोकंच फिरलं. ओढणी ओढून काढली, ती टरकन फाटली, त्याचाही राग त्याच्यावरच काढला. आधी माझं तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं, मग पिशवीतून वही काढून त्याच्या हातात आदळली.

ती माझी प्रवासवही. वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीच्या ज्या कारखान्यात मी रोज कामाला जाते, तिथं जुन्या सुती कपड्यांचा लगदा करून आम्ही हातकागद बनवतो. त्यातलेच कडा वेड्यावाकड्या आलेले कागद शिवून मी ही वही केली होती. प्रत्येक रविवारी कुठंतरी जायचं आणि परत येऊन एक पान लावायचं. बोर धरणावर सापडलेलं पीस, हिंगणघाटच्या बाजारातलं कापसाचं बोंड, गिरडच्या वाटेवरचं सागाचं जाळीदार पान. आणि प्रत्येक पानावर, वर उजव्या कोपऱ्यात, त्या गावाचं तिकीट. जग पाहायला जाईन तेव्हा जाईन, आधी जिल्हा तरी पुरा होऊ दे, असं माझं म्हणणं.

गाडीभर माणसं तिकिटासाठी खोळंबली होती आणि हा बाबा आरामात पानं उलटत होता.

“तिकिटं चुरगळेल हायत सारे,” तो शेवटी म्हणाला. “आता मी देत जाईन तुमाले. घडी न पडलेलं.”

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून तो माझं तिकीट दोन बोटांत अलगद धरून द्यायचा. कानामागचा पेन काढून मधेच काहीतरी खरडायचाही. मला वाटायचं, याचा काही हिशोब असेल. मी ते रोजचं तिकीटही तसंच वहीत सारायची आणि घरी शेवटच्या पानांवर छापलेली बाजू वर ठेवून चिकटवायची. गाव, तारीख, सगळं त्याच बाजूला. मागं काय असतं? कोरा कागद. सुट्टे द्यायचे राहिले तर कंडक्टर मागं आकडा लिहून देतात, पण मी कायम मोजून पैसे देणारी. मागं पाहायची वेळच कधी आली नाही.

गाडीतल्या सगळ्या बायकांना तो ताई नाहीतर मावशी म्हणायचा. मला मात्र म्हणायचा... “वहीवाल्या”. हे माझ्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. चौथ्या दिवसापासून मी त्याच्या सीटसमोरच बसायला लागले.

दिवाळी गेली, कापूस वेचून झाला, संक्रांतीला मी त्याच्या हातावर तीळगूळ ठेवला तेव्हा माझं बोट उगाचच जरा जास्त वेळ तिथं राहिलं. आम्ही काय बोलायचो? तसं काहीच नाही. “तिकीट लावलं का?” तो विचारायचा. “लावलं, जपून ठेवलं,” मी म्हणायची. एवढ्यावर त्याचा चेहरा असा खुलायचा की मला नवल वाटायचं. तिकीट चिकटवलं यात इतकं खूश होण्यासारखं काय आहे?

फाल्गुनात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटला, आणि एका सोमवारी तो माझ्या तिकिटावर नेहमीपेक्षा बराच वेळ खरडत राहिला. मी नेहमीसारखं ते वहीत सारलं. मंगळवारी तो माझ्याकडे पाहत राहिला... पाहतच राहिला. मी आपलं म्हटलं, उन्हाळा लागला बाई. त्याचा चेहरा उतरला.

बुधवारी तो म्हणाला, “पुढं सरका, ताई.”

ताई! कुणी कानफटात मारावी तसं झालं मला. पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर मधुकररावांकडून कळलं की पोरानं स्वतःहून बदली मागून घेतली आहे, हिंगणघाट डेपोला. शनिवार या गाडीवरचा त्याचा शेवटचा दिवस. मी मनात म्हटलं, जा. जायचं तर जा. मी काय पाया पडणार आहे? आणि घरी येऊन पोळी करता करता रडले. तो मला हवा होता, आणि तोंड उघडून तसं सांगायची माझी छाती होत नव्हती.

शुक्रवारी कारखान्यात प्रदर्शनाची तयारी चालली होती. प्रमिलाबाई आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या. त्यांना माझी वही मांडायची होती. पानं मात्र खळीनं फुगली होती. अशी पानं वजनाखाली दाबून चार दिवस ठेवायची असतात. माझ्याकडे चार दिवस कुठं होते? मी वरून कापड टाकलं आणि गरम इस्त्री फिरवली.

कापड उचललं तर तिकिटं काळी कुळकुळीत. सगळी. एस.टी.चं तिकीट उष्णतेनं छापलं जातं, त्याला इस्त्री लागली तर ते दुसरं काय होणार? पाच महिन्यांची गावं, तारखा, सगळं गेलं. मी तिथंच फतकल मारून बसले.

“रडू नको वं,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “मैद्याची खळ हाय, पाण्यानं सुटते. काढ अन् दुसरं काही लाव.”

ओल्या फडक्यानं त्यानं दिलेलं पहिलं तिकीट सोडवलं, उलटं केलं. मागं निळ्या बॉलपेननं लिहिलेलं होतं.

‘आज नवी ओढणी. खिळा मी ठोकून टाकला.’

मी दुसरं सोडवलं. ‘काल तुम्ही नव्हत्या. गाडी भरेल होती, तरी रिकामी वाटली.’ तिसरं. ‘बोर धरणावर मीही गेलतो. एकटा.’ चौथं, पाचवं... आम्हा कागदवाल्यांची सवय अशी, की खळ कधी पातळ कागदाला लावायची नाही, पानाला लावायची आणि वर कागद अलगद सोडायचा. म्हणून एकाही तिकिटाची पाठ मी आजवर पाहिली नव्हती. आणि तो बिचारा समजत होता, मी वाचते आहे, जपून ठेवते आहे.

लिहिलेलं शेवटचं, त्या सोमवारचं; पुढची सगळी कोरी. ‘रविवारी माझी सुट्टी हाय. वहीत एक पान माझ्यासोबतचं लावाल का? नाई म्हणायचं असन तर काही बोलू नका. मी समजून घेईन.’

आणि मी काय बोलले होते? उन्हाळा लागला बाई.

शनिवारी मी गाडीत चढले. तो जवळ आला, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “कुठं, ताई?”

“आधी ते ताई मागं घ्या,” मी म्हटलं. “आणि पेन द्या.”

त्यानं वर पाहिलं. तिकीट दिलं, कानामागचा पेन दिला. गाडी हलत होती, अक्षर वाकडं आलं, येऊ दे. मी तिकीट उलटं करून लिहिलं आणि त्याच्याच हातात परत ठेवलं. ‘हो. कालच वाचलं सगळं. खिडकीची जागा माझी.’

त्यानं ते वाचलं. मग परत वाचलं. हात नकळत घंटीच्या दोरीला गेला आणि भर रस्त्यात, पळसांच्या मधोमध, मधुकररावांनी गाडी थांबवली. कोण उतरून राह्यलं, म्हणून त्यांनी ओरडून विचारलं.

“कोणी नाई,” दुर्गेश म्हणाला. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल इतकंच... “मले वाटलं, तुमचं नाई हाय.”

“मी मागं पाह्यलंच नव्हतं,” मी म्हटलं. “किती दिवस वाया गेले आपले.”

बदली काही रद्द झाली नाही, सरकारी कागद तो. आता तो हिंगणघाट–अल्लीपूर गाडीवर असतो, आणि सुट्टीच्या रविवारी मला न्यायला येतो. अल्लीपूरचं पान आम्ही दोघांनी मिळून लावलं. खळ त्यानं लावली, पानाला. तिकीट मी सोडलं.

प्रदर्शनात लोक विचारत होते, या वहीतली सगळी तिकिटं उलटी का लावली आहेत. मी म्हटलं, सरळच आहेत.