टिक्कीवरचा आकडा

तारेच्या ब्रशाखालून गंजाचा पापुद्रा सुटला आणि पितळ चमकले. ब्रश बाजूला ठेवून ती वाकून बघू लागली.

नऊ बोल्ट लोखंडी, दहावा पितळी. अॅक्सल उघडून पुन्हा बंद केला की झाकणावर असा एक बोल्ट लावायची खोड एकाच माणसाला होती. तिच्या दादाला. तीन महिन्यांपूर्वी, ती परगावी असताना, तो जीप घेऊन दूर नोकरीला गेला, असे नवऱ्याने सांगितले होते. त्यानंतर एक फोन नाही.

"हा अॅक्सल कुठून आणला?" तिने गिऱ्हाइकाला विचारले.

"भंगारातून. माझ्या जीपला मागे बसवायचाय, डिस्क ब्रेक लावून. का, कामातून गेलाय?"

"नाही. सुटाच मिळाला?"

"अख्खी गाडी तोडलेली होती. चालती गाडी कोणी तोडली, कोण जाणे."

ती गॅरेजच्या नव्या काँक्रीटवर उकिडवी बसली होती. इथे पूर्वी गाडीखाली उतरायचा खड्डा होता. ती परतली तेव्हा नवऱ्याने तो बुजवलेला होता; म्हणाला, पाणी झिरपते.

नवरा आत आला.

"अहो, हा अॅक्सल ओळखीचा वाटतो?"

"छे. असले छप्पन्न येतात. आजच बघतोय."

आतल्या दात्यांचा हिशोब काढायला चाक फिरवून शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात, तर ब्रेक गंजून जाम. झाकण बंद. उरली फक्त दात्यांचा आकडा कोरलेली पत्र्याची टिक्की: ४१-११, मोठ्या चक्राचे एकेचाळीस, लहानाचे अकरा.

"एकेचाळीस-अकरा," ती गिऱ्हाइकाला म्हणाली. "पुढच्या अॅक्सललाही तेच दाते मागवते."

"अकरा नाही, दहा," पाना शोधता शोधता नवरा बोलून गेला. "पुढे-मागे फरक राहिला तर गिअरबॉक्स फुटेल."

चुकीचा आकडा त्याच्या कानाला कधीच सोसत नसे.

गिऱ्हाईक उठले. "मी जरा जाऊन येतो."

"बसा ना. तुमचंच काम चाललंय." तिने झाकणाच्या बोल्टला पाना लावला.

दहा बोल्ट सुटले. काळे तेल ओघळले. आतल्या मोठ्या चक्राच्या कडेवर आकडा ठोकलेला होता: ४१-१०.

पाना शोधणारे नवऱ्याचे हात थांबले.

"मी गेले तेव्हा आत अकराच होते," ती म्हणाली. "दादाने मागाहून दहाचे बसवले, टिक्की जुनीच ठेवली. ब्रेक जाम, झाकण बंद. बाहेरून हे कळायला काही वाटच नाही. हे त्याच्याजवळ उभ्या असलेल्यालाच ठाऊक. मग आजच बघताय कसे?"

"अगं, अंदाजाने बोललो."

"आकड्याच्या बाबतीत तुम्ही अंदाज कधी केलाय? तडकलेला अॅक्सल जोडून तुम्ही एकाची गाडी दिलीत. ती उलटली, माणूस गेला. दादा ते चौकीत सांगणार होता. मला वाटलं, तुम्ही समजूत घातलीत, म्हणून तो निमूट निघून गेला. तो गेलाच नाही. त्याची जीप तुम्ही तोडलीत."

दारात गिऱ्हाईक फोन कानाला लावून उभे होते.

"दादा कुठाय?"

नवऱ्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून उतरली, तेलकट हातांवरून उतरली आणि तिच्या पावलांखाली येऊन थांबली.

ती हळूच उठली. निजलेल्या माणसाला जाग येऊ नये तशी पावले उचलत त्या काँक्रीटच्या चौकोनाबाहेर आली.