ओवीच्या डोक्यातली गाणी

कोर्टाच्या आदेशाला तीन हजार एकशे बारा गाण्यांची यादी जोडलेली होती. ती सगळी ओवी दाभाडेच्या डोक्यातून काढून, ड्राइव्हवर उतरवून, तिचा नवरा समर याच्या हवाली करायची होती. मुदत शुक्रवारपर्यंतची होती.

सन २०७१. गाणी ठेवायला फोन लागत नव्हता. कानामागे तांदळाच्या दाण्याएवढं नादबीज बसवलं, की ते गाणं थेट मेंदूच्या पेशींत लिहायचं. मग मनात आणलं की गाणं सुरू. शेजारी बसलेल्यालासुद्धा पत्ता लागत नसे. अडचण एकच होती. पेशींत लिहिलेल्या गाण्याची प्रत काढता येत नसे. विणलेला स्वेटर उसवत उसवतच त्याची वीण टिपून घ्यावी, तसं गाणं वाचता वाचता पुसलं जायचं. एका डोक्यातून ते हलवता यायचं, दोन डोक्यांत ठेवता यायचं नाही.

लग्नानंतर समरनं आपला संग्रह ओवीला वापरायला दिला होता. मालकी मात्र त्याचीच राहिली. घटस्फोटाच्या अर्जानंतर त्यानं तो परत मागितला.

डोक्यातली गाणी हलवायच्या, नाशिकच्या स्थलांतर केंद्रात डॉ. शर्वाणी टिळेकरांनी दोघांना समोरासमोर बसवलं.

"गाण्याबरोबर आणखी काय जातं, हे दोघांनाही सांगणं माझं काम आहे," त्या म्हणाल्या. "गाणं वाजत असताना माणसाच्या बाबतीत जे घडतं, ते त्याच पेशींत गाण्याला चिकटून बसतं. गाणं निघालं की तेही निघतं."

"निघू दे की," समर म्हणाला. "माझ्या गाण्यांवर हिनं जे काय साठवलं असेल ते. अकरा वर्षं फुकट ऐकलीत. आता बसू दे शांततेत."

"समर दाभाडे, ही गाणी तुम्ही स्वतःच्या डोक्यात घेतलीत, तर ते सगळं तुमच्यात येईल."

"मॅडम, मशीन चालवायचा पगार मिळतो ना तुम्हाला? मग मशीन चालवा."

तो बोलत होता तोवर ओवी टेबलाच्या कडेकडे बघत होती. टिळेकरांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही गाणी कधी ऐकायचात?"

"तो चिडला की." ओवीचा आवाज सपाट होता. "त्यानं दार लावलं की मी मनात गाणं सुरू करायचे. मोठ्यानं. म्हणजे तो काय बोलतोय ते ऐकू यायचं नाही. तो मारत असतानाही गाण्याचेच शब्द धरून ठेवायचे. एक संपलं की दुसरं."

टिळेकर म्हणाल्या, "म्हणजे ते सगळं जाईल. लग्न आठवेल, घर आठवेल, कोर्टाच्या तारखा आठवतील. मार आठवणार नाही, त्याबद्दल कुणाशी, आत्ता माझ्याशी, बोललेलंही नाही."

"भीतीही जाईल?"

"जाईल. पण ओवी, त्या भीतीनंच तुम्हाला त्या घरातून बाहेर काढलं ना? वरच्या कोर्टात जा. मी लिहून देते."

"गेले होते. त्यांनी संग्रह म्हणजे मालमत्ता म्हटलं." तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "आणि खरं सांगू? मला अकरा वर्षांत एकदाही नीट झोप लागलेली नाही. काढा. नंतर तुम्ही मला सगळं सांगा."

"तुम्हाला ते खरं वाटेल?"

"कोण जाणे."

काम चाळीस मिनिटं चाललं. ओवी शुद्धीतच होती. पडद्यावर यादीतली नावं एकेक करून विझत गेली. हजाराच्या आसपास तिच्या मुठी सुटल्या. दोन हजारांनंतर वर चढलेले खांदे खाली आले. असे खांदे टिळेकरांनी पुष्कळ बायकांचे पाहिले होते. ते उतरताना मात्र प्रथमच दिसत होते, आणि त्यांना ते बघवत नव्हतं.

आत बोलावलेल्या समरला ड्राइव्ह घरी न्यायचा नव्हता. त्याला गाणी तिच्यासमोरच स्वतःच्या डोक्यात घ्यायची होती. "तिला बसू दे इथेच," तो शेजारच्या खुर्चीत रेलत म्हणाला. "बघू दे."

टिळेकरांनी सही घेतली. आदेशात त्याचा हक्क स्पष्ट होता. त्या आणखी एकदा थांबवू शकल्या असत्या. थांबवलं नाही. ते नियमामुळे की रागामुळे, याचं उत्तर त्यांनी पुढे स्वतःलाही दिलं नाही.

गाणी आत जाऊ लागली. आधी समर हसत होता. मग त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. त्याचा श्वास वर वर लागू लागला. शेवटचं गाणं उतरलं तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो दाराकडे बघत होता.

ओवी उठून त्याच्याजवळ आली. तिच्या चेहऱ्यावर शांत, झोप झाल्यासारखं काहीतरी होतं.

"समर, एक विचारू? आपण वेगळे का होतोय रे? तारखा सगळ्या आठवतात, कारणच आठवत नाहीये. तुझं काही फार वाईट झालं होतं का माझ्याकडून? घरी जाऊन बोलू या का?"

टिळेकर पुढे झाल्या. "ओवी, थांबा. मला तुम्हाला काही सांगायचंय—"

"नको!" समर ओरडला.

तो त्याचाच आवाज होता, बंद दाराआड अकरा वर्षं ओवीवर चढत आलेला. तो कानावर पडताच त्याचं अंग आक्रसलं. कोपर तोंडासमोर आडवं आलं, मान खांद्यांत गेली, आणि खुर्चीसकट मागे सरकत तो भिंतीला टेकला.

ओवी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिनं हलकेच त्याचा हात चेहऱ्यावरून बाजूला केला.

"असं काय करतोस?" ती म्हणाली. "कुणी मारायचं का रे तुला?"