ओल्या फळीवरचं तेल

"ओ, काय चाललंय? नाव आहे ती, लोणचं नाही!"

कोकिळाच्या आवाजानं नावेमागचा माणूस दचकून उभा राहिला. हातात अर्धं लिंबू, पायाशी लिंबांची पाटी आणि कोपरापर्यंत ओघळलेलं काळपट पाणी. वय पंचविशीच्या आसपास. हसू दाबताना त्याची मिशी जराशी हलली... कोकिळानं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"आधार आबांनी बोलावलंय," तो म्हणाला. "मी देवचंद. एरंडोलहून आलोय, नाव दुरुस्त करायला. तुम्ही?"

"ज्यांची नाव, त्यांची मुलगी."

१९८७ सालचा जानेवारी होता. शिंदखेड्याच्या बाजूला, तापीच्या काठी, आधार आबांची नाव ओंडक्यांवर पालथी घातली होती. अस्सल सागवान, पण पंधरा वर्षांच्या उन्हापाण्यानं चुलीतल्या राखेसारखं करडं पडलेलं. त्या नावेतून सगळं गाव पलीकडे जाई, आणि त्याच नावेच्या कमाईवर कोकिळाची दहावी झाली होती.

देवचंदनं ओल्या फळीवर लिंबू फिरवलं, काथ्यानं आडवं घासलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. करड्या रंगाखालून मधासारखा पिवळा पट्टा वर आला. आबांचा डबा हातात तसाच धरून कोकिळा बघत राहिली.

"अगं बाई..."

"लाकूड धडधाकट आहे. वरची कातडी तेवढी मेलीय."

"घरात तारेचा ब्रश आहे. आणू? लवकर होईल."

"सागाला लोखंड घासलं की काळे डाग पडतात. आणि लवकर कुणाला हवंय?"

बोलून गेल्यावर तो स्वतःच गडबडला आणि दुसरं लिंबू कापायला लागला. एकाच्या जागी चार कापली.

काम आठ दिवसांचं ठरलं होतं. रोज दुपारी आबांच्या डब्याबरोबर कोकिळा आणखी एका माणसाची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणू लागली. तिसऱ्या दिवशी पदर खोचून ती स्वतः काथ्या घेऊन बसली.

"आडवं घासा," देवचंद म्हणायचा. "लाकडाच्या रेषेच्या दिशेनं घासलं तर मऊ भाग निघून जातो."

"मास्तर, छडी आणली नाहीत?"

"तुमच्यासारखी विद्यार्थीण असेल तर छडी मास्तरलाच बसते."

घासून झालेली फळी तो दोन दिवस वाळू द्यायचा. मग जवसाचं तेल. पण तेलाचं फडकं उचलण्याआधी फळीला चार ठिकाणी उलटा हात लावून बघायचा. ओल राहिली आणि वरून तेल बसलं, तर लाकूड आतून कुजतं. त्याच्या या चार वेळा हात लावण्याची कोकिळा नक्कल करायची, आणि तो काम थांबवून हसायचा. नदीवरून गार वारा यायचा. दुपार कधी सरली, दोघांनाही कळायचं नाही.

गुरुवारी सकाळी देवचंद फडकं तेलात बुडवत होता, तेवढ्यात आबा आले.

"कोकिळा, ऐतवारले पाव्हना येनार शेतस. शिरपूरकडना. तुले देखाले."

एवढं सांगून आबा जाळं आवरायला गेले. कोकिळानं देवचंदकडे पाहिलं. तो मान खाली घालून फळीवर फडकं फिरवत होता... एकसारखं, न थांबता. ती डबा ठेवून निघून गेली. रागानं तिनं त्या दिवशी भाकरीही अर्धीच खाल्ली.

शुक्रवारी ऊन वर आलं तेव्हा ती काठावर आली. देवचंद नावेसमोर कपाळाला हात लावून बसला होता. मधली अख्खी फळी पांढरट, चिकट पडली होती. बोट लावलं की तेल बोटाला येत होतं.

"हे काय?"

"काल ओल्यावरच तेल लावलं. दव वाळलंच नव्हतं."

"आणि हात लावून बघायचं?"

"नाही बघितलं."

कोकिळा त्याच्याजवळ बसली. "वरून अजून एक हात मारा. आबांची नजर आता अधू झालीय. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना." तो म्हणाला. "अन् दोन पावसाळ्यांत फळी कुजेल. त्याच फळीवर तुम्ही बसता. सगळं खरवडावं लागेल."

"आबांना काय सांगणार?"

"जे झालं ते."

"सगळं?"

कालपासून पहिल्यांदाच त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात वाळूत पावलं वाजली.

"हाई काय शे?" आबांनी फळीवर बोट फिरवलं.

"चूक झाली, आबा. ओल्या फळीवर तेल लावलं. खरवडून पुन्हा करतो. लागेल ते माझ्याकडनं."

"तू त चार डाव हात लाईसन देखस. मंग ध्यान कोठे व्हतं तुनं?"

देवचंदनं तेलकट हात जुन्या धोतराच्या फडक्याला पुसले. "तुम्ही पाहुण्यांचं सांगितलंत," तो म्हणाला, "तेव्हापासून कशातच नाही, आबा."

कोकिळाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आबांनी बोटाचं तेल वाळूत पुसलं आणि ते मुलीकडे वळले.

"तुनं काय म्हननं शे?"

"शिरपूरवाल्यांना... येऊ नका म्हणून कळवा," ती वाळूत बघत म्हणाली.

आबांनी घसा खाकरला. "तुना घरनं कोन शे रे?"

"आत्या आहे. झुंबरबाई. एरंडोलला."

"तिले ऐतवारले बलाव. पोरगासंगे लगीननं बोलनं मी करत नही." असं म्हणून आबा काठाकाठानं निघाले, चालता चालता त्यांचे खांदे हलत होते. हसत होते ते.

देवचंद तसाच उभा होता. कोकिळानं खरवडायची पट्टी उचलून त्याच्या हातात दिली.

"पुन्हा वाळायला किती दिवस?"

"चार."

"पाच घ्या," ती म्हणाली. "घाई नाही मला."