इंदुताईंच्या कोंबड्यांची घरघर

घाटंजीजवळच्या त्या गावात पहिल्या एसटीतून उतरले तेव्हा प्राची आणि अनिकेत दोघंही कुडकुडत होते. प्राची यवतमाळची खाजगी गुप्तहेर. एरवी लग्नाआधी मुलांची चौकशी करणारी. अनिकेत तिचा आतेभाऊ. त्याला सगळं दोनदा समजावावं लागे, आणि त्यात तिचंच डोकं साफ होई.

"कोंबड्यांसाठी डिटेक्टिव्ह?" त्याने पुन्हा विचारलं.

इंदुताई अंगणात वाटच पाहत होत्या. "पोरी, थंडी पडली तशा माह्या कोंबड्या तोंड उघडून श्वास घेऊन राह्यल्या. दुपारून जरा बऱ्या होते, सकाळी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणते रोग नाही. मंग शेजारच्या चंदानंच इख टाकलं असन. आज ठाण्यात जातो मी."

चंदाबाई म्हणजे त्यांची लग्न होऊन आल्यापासूनची जिवाभावाची मैत्रीण. आता दोघी कुंपणाकडे पाठ करून बसत.

प्राची परसात फिरली. गवत दवाने भिजलेलं, गोठ्याच्या टिनावरून थेंब गळत होते. खुराड्याचं टिन मात्र कोरडं होतं. तिने दार उघडून आत डोकं घातलं आणि डोळे पुसत मागे आली. कोंबड्या घरघरत बाहेर पडल्या. तेवढ्यात कडुनिंबावरून कोंबडा उतरला आणि खणखणीत आरवला.

"हा आत झोपत नाही?"

"त्याले कोंडलेलं चालत नाही," इंदुताई म्हणाल्या.

चंदाबाई कुंपणापलीकडून बोलल्या. "तुरीवर फवारणी केली मी, खोटं कायले बोलू? पण तिच्या कोंबड्याईले इख काहून टाकीन? मैत्रीण गेली माही, याचंच रडू येते."

इंदुताईंचे यजमान विठ्ठलराव खाटेवर बसले होते. खांद्यावरचा दुपट्टा ओलाचिंब.

"आत्ताच उठून राह्यलो, मले काय विचारता? नुसती घाण करते त्या कोंबड्या. इकून टाक म्हणतो हिले."

"हाच तो," अनिकेत कुजबुजला. "याला कोंबड्या नकोच आहेत."

प्राचीने चंदाबाईंसकट सगळ्यांना खुराड्यापाशी बोलावलं.

"फवारणीने किंवा विषाने झालं असतं, तर कोंबड्यालाही झालं असतं. तोही इथेच दाणे टिपतो. फरक एवढाच की तो झाडावर झोपतो. म्हणजे घोळ रात्री खुराड्यात होतो. आत विष्ठेचा इतका उग्र वास कोंडलाय की माझेच डोळे चुरचुरले."

"पण खुराडं तर जुनंच आहे," अनिकेत म्हणाला. "जाळीही आहे."

"सगळीकडे दव आणि हे टिन कोरडं. रात्रभर यावर काहीतरी पांघरलेलं होतं, जाळीसकट. हवा बंद. उजाडायच्या आत कुणीतरी ते ओलं पांघरूण खांद्यावर टाकून नेलं. काका, आत्ताच उठलात तर दुपट्टा कसा भिजला?"

विठ्ठलराव गोठ्यातून भिजलेली ताडपत्री घेऊन आले.

"थंडी लय होती," ते खाली पाहत म्हणाले. "पिसं फुगवून बसत होत्या बिचाऱ्या. हिले सांगतलं असतं तर जन्मभर हसली असती."

इंदुताई हसल्याच, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"जाळी उघडी ठेवा, रोज झाडून खाली कोरडी राख पसरा," प्राची म्हणाली. "थंडी त्या सोसतात, कोंडलेली हवा नाही."

मग इंदुताई डोळे पुसत वळल्या. चंदाबाईंचा हात धरून म्हणाल्या, "लय वाईट बोलली मी तुले. चुकलं माह्यं."

"चुकलंच," चंदाबाई म्हणाल्या. धरलेला हात न सोडता त्या चुलीकडे निघाल्या. "चाल, अंडे उकड. भांडूभांडू भूक लागली मले."