डाव्या पानावरचे मास्तर

रविवारी दुपारी तीन वाजता हर्षदा कोष्टी खिडकीवर जाड हिरवा पडदा ओढायची, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायची आणि मग इरफानचाचांच्या शेजारी चटईवर बसायची. सुरुवातीला इचलकरंजीच्या त्या गल्लीत बरीच कुजबुज झाली. मंडईतला फळवाला आणि एकटी राहणारी बाई दार लावून करतात तरी काय? दोघं नुसतं कॉमिक वाचतात हे कळल्यावर शेजारणींचा अगदीच हिरमोड झाला.

अंधाराचं कारण शाईत होतं. ‘वीजवाली गोदा’चा अंक दर महिन्याला दोन रूपांत निघे. एक कायम प्रत, म्हणजे पूर्वी सगळी पुस्तकं असायची तशी. तिची किंमत हर्षदाच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास. दुसरी मावळती प्रत. तिची शाई उजेड पिऊन विरायची. मंद उजेडात पान चार मिनिटं टिके, उन्हात जेमतेम अर्धं मिनिट, आणि मग हातात कोरा कागद. फोटो काढावा तर कॅमेऱ्याला ती शाई दिसतच नसे. गरिबालाही वाचायला मिळावं म्हणून ही सोय, असं प्रकाशक सांगत. हौसेला मोल नसतं, हेही असल्याच लोकांनी म्हटलेलं असणार.

मावळती प्रतसुद्धा एकटीला जडच होती. बारा वर्षांपूर्वी स्टँडवरच्या दुकानात पहिल्याच अंकाची शेवटची प्रत उरली होती आणि गिऱ्हाइकं दोन होती, दोघांच्याही खिशात अर्धेच पैसे. “भांडू नका, अर्धे अर्धे घाला,” दुकानदार म्हणाला, आणि भागीदारी सुरू झाली.

दोघांनी मिळून एक युक्ती काढली होती. अंक उघडला की डावं आणि उजवं पान एकदमच उजेडात येतं. एकाला दोन्ही वाचायला दोन मिनिटं लागत. म्हणून डावं पान इरफानचाचांनी वाचायचं, उजवं हर्षदानं, एका मिनिटात अंक मिटायचा आणि मग एकमेकांना सांगायचं. अशानं चार वाचनं मिळत. तीन रविवारी, बाजू न बदलता, तीन वाचनं करायची आणि शेवटचं मिनिट तसंच राखून अंक काळ्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. इतर लोक कॉमिक जमवतात; या दोघांनी शेवटची मिनिटं जमवली होती. एकशे बेचाळीस अंक, प्रत्येकाच्या प्रत्येक पानात एकेक मिनिट शिल्लक.

आणखी एक नियम चाचांनी घातला होता. गोदाबद्दल फोनवर एक अक्षर वाचायचं नाही. “ते कायमवाले सगळं आधीच बोलून बसतात. मजा जाते,” ते म्हणत. हर्षदानं तो नियम उपासासारखा पाळला.

त्या रविवारी एकशे त्रेचाळिसावा अंक होता. पडद्यातून हिरवट, शेवाळी उजेड झिरपत होता. फोन थरथरला, मिनिट संपलं, हर्षदानं अंक मिटला.

“आधी तुझं उजवं सांग,” चाचा म्हणाले.

“नेहमी माझंच का आधी? डावं पान आधी येतं, चाचा.”

“तुझं ऐकलं की माझ्या पानाला रंग चढतो. सांग.”

हर्षदानं सांगितलं. गोदा विजेच्या खांबावर चढलीय, खाली गाव अंधारात आहे, एका घराच्या खिडकीत फक्त दिवा लागलाय. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. मग ते म्हणाले, “हां. तो दिवा मास्तरांचा. माझ्या पानावर मास्तर वात सारखी करत बसलेत. म्हातारे झालेत गं. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलीय. पोरगी वर चढलीय म्हणून दिवा विझवत नाहीत.”

हर्षदाला भरून आलं. गोदाला वीज शिकवणारे मास्तर हे तिचं सगळ्यात लाडकं पात्र. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधणारा माणूस तिला मास्तरांमध्येच भेटला.

“ते पूर्वीसारखे माझ्या बाजूला का येत नाहीत हो?” तिनं विचारलं. हा प्रश्न ती वर्षातून एकदा तरी विचारायची.

“लाजाळू माणूस आहे,” चाचा म्हणाले आणि भिंतीला हात लावत उठले. “पुढच्या रविवारी जमेलसं वाटत नाही. गुडघा धरलाय.”

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. मधल्या काळात हर्षदाची नोकरी सुटली. गिरणीत ती कापडातले दोष शोधायची. तुटलेला धागा, तेलाचा डाग तिच्या नजरेतून सुटत नसे. आता मागावरच डोळे बसवले होते, कॅमेऱ्याचे. मालकानं हिशेब चुकता करून हातात एक पाकीट दिलं. शहाण्या बाईनं ते बँकेत टाकलं असतं. हर्षदा कोल्हापूरला गेली आणि तिनं एकसष्टाव्या अंकाची कायम प्रत विकत घेतली. एकसष्ट हा चाचांचा जीव की प्राण. त्यात बोगद्यात पाणी शिरतं, मास्तर वाहून जातात, उजव्या पानावर गोदा त्यांची टोपी छातीशी धरून ढसाढसा रडते. आणि डाव्या पानावर, चाचांनी सांगितलं होतं, पलीकडच्या तोंडाशी मास्तर चिखलानं माखलेले उभे राहून हात हलवत असतात. गोदाचं ते रडणं आनंदाचं. चाचा साठ वर्षांचे होणार होते. बारा वर्षांत त्यांना एक तरी अंक उजेडात, निवांत वाचायला मिळावा, एवढंच तिच्या मनात होतं.

घरी आल्यावर तिला राहवलं नाही. तिनं पडदा सारला आणि भरदिवसा अंक उघडला. पान विरत नाही, घाई नाही, हेच आधी खरं वाटेना. मग तिनं बोगद्याचं डावं पान बघितलं.

पलीकडच्या तोंडाशी मास्तर होते. चौघांनी त्यांना बाहेर काढून ठेवलं होतं आणि एक जण त्यांच्या तोंडावर धोतराचा सोगा ओढत होता.

ती बराच वेळ ते पान बघत बसली. मास्तर एकसष्टाव्या अंकातच गेले होते. त्यानंतरचे ब्याऐंशी अंक, जवळजवळ सात वर्षं, ती एका मेलेल्या माणसाच्या चष्म्याची काळजी करत आली होती.

दुसऱ्या दिवशी ती तडक मंडईत गेली. इरफानचाचा उन्हात गाडीमागे बसले होते आणि अंगठ्यानं दाबून पेरू निवडत होते. तिनं अंक तराजूच्या पारड्यात ठेवला.

“हे काय आणलंस?” त्यांनी हात लावला. “पुस्तक?”

मुखपृष्ठावर एकसष्ट आकडा वीतभर उंच होता. हर्षदानं तो बघितला, मग त्यांचे डोळे बघितले. ते तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी लागलेले होते. जन्मभर कापडातले दोष काढलेल्या बाईला एवढा मोठा दोष दिसला नव्हता.

“एकसष्ट आहे. कायम प्रत,” ती म्हणाली. “मास्तर मेलेत, चाचा.”

चाचांचा हात अंकावरच राहिला. बाजूच्या गाडीवर कुणीतरी कोथिंबिरीचा भाव करत होतं.

“कधीपासून दिसत नाही?”

“अंधारात ना? चाळिसाव्या अंकापासून. रातांधळेपण म्हणाले डॉक्टर. पुढं वाढतच जातं म्हणाले. उन्हात दिसायचं मला. तुझ्या खोलीत पडदा पडला की सगळं काळं.”

“मग सांगितलं का नाही? पडदा काढला असता.”

“आणि अंक? अर्ध्या मिनिटात पांढरा. तुझ्या डब्यात काय उरलं असतं, कोरे कागद? तू ते अंक कसे गुंडाळायचीस, बघितलंय मी. दिसत होतं तेव्हा.”

“पैसे तर दर महिन्याला देत होतात तुम्ही.”

“उजवी पानं ऐकण्याचे. दिले नसते तर तू अंक बंद केला असतास. मग मला रविवार कुठला राहिला असता?”

हर्षदाला रडू यायला हवं होतं, पण तिला संताप आला. “एकशे चार अंकांची डावी पानं, चाचा. दर रविवारी त्यांचा उजेड जाळला आपण आणि ती बघितली कुणीच नाही. तुम्हाला दिसत नव्हती आणि मी तुमच्या भरवशावर तिकडं मान वळवली नाही. मला सांगितलं असतंत तर मी तरी बघितली असती.”

चाचा म्हणाले, “मास्तरांना मारायचं माझ्या मनात आलंच नाही. तू गोदा रडतेय म्हणालीस आणि तुझाच आवाज बसला. मी म्हटलं, हात हलवतायत.”

तिनं अंक उघडून त्यांच्या हातात दिला आणि हात धरून उन्हात केला. “बघा. कडक ऊन आहे. ही शाई जात नाही.”

चाचांनी पान डोळ्यांजवळ नेलं, नाकाला लागेपर्यंत नेलं, तिरकं केलं, परत सरळ केलं. मग हळूच मिटलं.

“दोन वर्षांपूर्वी आणलं असतंस तर...” एवढं बोलून ते थांबले, पण शब्द तोंडातून गेला होता. दोन वर्षांपूर्वी हर्षदाकडे पाकीट नव्हतं. नोकरी होती, म्हणून पैसे नव्हते.

“डब्यात एकेक मिनिट आहे ना?” ते म्हणाले. “उघड सगळे. खरी डावी पानं बघून घे. तुझा हक्क आहे.”

“बघितली की अंक पांढरे होतील.”

“होऊ देत. मला काय फरक पडतो?” असं म्हणून ते क्षीण हसले. हर्षदाला ते हसू अजिबात आवडलं नाही.

रविवारी तीन वाजता तीच त्यांना हाताला धरून घेऊन आली. का आणलं ते तिचं तिला नीट सांगता आलं नसतं. तिनं पडदा ओढला, टॉवेल कोंबला, डब्यातून बासष्टावा अंक काढला. चाचा नेहमीसारखे डाव्या हाताला बसले. त्यांची तेवढी जागा कायम होती.

तिनं पहिलं जोडपान उघडलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्या अंधारात डावीकडे बघितलं. शाळेची भिंत होती. भिंतीवर मास्तरांचा हार घातलेला फोटो होता, आणि खाली त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर गोदानं पक्कड ठेवली होती. चित्र फार सुंदर होतं. चाचांच्या कुठल्याही मास्तरांपेक्षा ती रिकामी खुर्ची जास्त खरी होती, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. रेषा कडेकडून फिकट होत गेल्या. आधी भिंत गेली, मग हार, मग पक्कड. फोन थरथरला तेव्हा तिच्या मांडीवर कोरा कागद होता.

“झालं?” चाचांनी विचारलं. त्यांनी डोळे मिटले होते आणि मान थोडी वर केली होती, ती सांगत असताना नेहमी करायचे तशी. “माझ्या पानावर काय होतं गं? मास्तर होते का?”

पान पांढरं झालं होतं. आता ती जे सांगेल तेच त्या पानावर होतं. पडताळून बघायला कुणी येणार नव्हतं. डब्यात मास्तरांच्या मागचे अजून एक्क्याऐंशी अंक होते आणि तिचा राग अजून गेला नव्हता.

चाचा वाट बघत होते. काय सांगणार होती ती त्यांना?