रैनीच्या रक्तातल्या वाकड्या पेशी

रेला या गोंडी नाचात सगळ्या मुलींची पावलं सारखीच पडत. मग सरावानंतर रैनी कुमरेचेच पाय का ठणकत?

नाच शिकवणारी सोमारीआत्या वैतागली. “पुढच्या आठवड्यात गडचिरोलीला नाचायचं, अन् ही पोट्टी खाली बसली! दुसरीला घेते मी.”

पण रैनीचे डोळे पिवळसर दिसले, तशी आत्या घाबरली आणि तिला आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेली. तिथे नर्सबाईंच्या मदतीला टिपूस नावाचा यंत्रमानव होता.

“रक्त कमी आहे हिचं. लोहाच्या गोळ्या दे बाप्पा,” आत्या म्हणाली.

“रक्त कशानं कमी झालं, ते आधी पाहू.” टिपूसने रैनीच्या बोटातून थेंब घेतला. त्याच्या पडद्यावर गोल पेशींमध्ये काही विळ्यासारख्या वाकड्या दिसल्या.

“लाल पेशींत हिमोग्लोबिन (प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य) असतं,” टिपूस सांगू लागला. “रैनीचं वेगळं आहे. प्राणवायू सोडला की ते एकमेकांना चिकटतं आणि पेशी वाकते. मग ती बारीक रक्तवाहिनीत अडकते, म्हणून दुखतं. लवकर फुटते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे.”

खात्री करायला त्याने ते हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात सोडलं. शेजारच्या निरोगी नमुन्यातलं पुढे सरकलं, रैनीचं मागे रेंगाळलं.

“पेशी वाकवणारं हिमोग्लोबिन असंच मागे पडतं. हा सिकलसेल आजार,” टिपूस म्हणाला.

“पण नाचल्यावरच का?” रैनीने विचारलं.

“नाचाआधी पाणी पितेस?”

“छे! आत्या पिऊ देत नाही. पोट जड होतं म्हणते.”

आत्याने मान खाली घातली.

“पाणी कमी पडलं की पेशी जास्त वाकतात,” टिपूस म्हणाला. “हा आजार आई आणि बाबा, दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक (शरीर घडवणारी सूचना) आल्यावर होतो.”

“हिचा बाप माझा सख्खा भाऊ. माझंही बघ,” आत्याने बोट पुढे केलं. ती वाहक निघाली, म्हणजे स्वतः आजारी नाही, पण ते जनुक पुढच्या पिढीला देऊ शकणारी.

नर्सबाईंनी रैनीला ऊब, पाणी आणि दुखण्यावरचं औषध दिलं. पेशी वाकणं कमी करणारी रोजची गोळी तालुक्याच्या डॉक्टरांनी सुरू केली.

“जनुकच दुरुस्त नाही का करता येत?” रैनीने टिपूसला विचारलं.

“काही मोठ्या रुग्णालयांत करू लागलेत. तुझ्यापर्यंतही येईल.”

गडचिरोलीच्या कार्यक्रमात रैनी एकच फेरा नाचली, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच. मग शाल पांघरून बसली. रिंगणात तिची जागा आत्याने मोकळीच ठेवली, आणि रैनीने बसल्या जागेवरून गाणं उचललं.