दलदलीतलं जोडवं

सुलक्षणाचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात डबा खात होते. ती माझी कॉलेजची मैत्रीण, कांदिवलीला राहते. म्हणाली, "ऋता, शनिवारी दुपारी घरी ये ना. बाबांना जरा समजाव. दिवसभर तुमचाच गेम खेळत बसतात. जेवायचंही भान नाही."

आमची कंपनी छोटी आहे. लढाईच्या त्या गेममध्ये कुठला राक्षस मेल्यावर काय पडेल, आणि किती वेळा मारल्यावर एकदा, हे मी ठरवते. म्हणून गेले.

तिचे बाबा, सीतारामकाका, पूर्वी गिरणीत होते. खोलीचे पडदे ओढलेले. डासांच्या अगरबत्तीचा वास, आणि कीबोर्डची एकसारखी टकटक. स्क्रीनवर दलदल. तिथली राक्षसीण चिखलातून उठायची, काका तिला मारायचे, ती परत उठायची.

"तीन हजारांवर वेळा मारलंय गो तिका," ते हळूच म्हणाले. "आता दुसरा गावतला ना?"

"काका, गेम मोजत नाही. दुर्मीळ वस्तू पाच हजारांत एकदा पडते म्हणजे दर वेळी नव्याने चिठ्ठी काढायची. आधी कितीही मारली असली तरी फरक पडत नाही... पण दुसरं काय सापडायचंय?"

त्यांनी योद्ध्याची पिशवी उघडून दाखवली. तलवारींच्या शेजारी एक जोडवं होतं. सैल होत असावं, लाल दोरा गुंडाळलेला.

सुलक्षणा दारातच थांबली होती. "आईचं आहे," ती म्हणाली. "हॉस्पिटलात एक हरवलं. दुसरं तिच्या पायात तसंच गेलं..."

गेममधल्या दोनशे अकरा वस्तू मी स्वतः लिहिल्यात. त्यात जोडवं नाही.

मी लॅपटॉपवर गेमच्या नोंदी उघडल्या. ते राक्षसिणीने टाकलेलं नव्हतंच. दुसऱ्या एका खेळाडूने तिथे खाली ठेवलं होतं. आमच्या गेममध्ये तशी सोय आहे. त्याच्या नावाचा रकाना रिकामा होता. चार महिने तो दलदलीतून हलला नव्हता. सुलक्षणाची आई जाऊन चारच महिने झाले होते. आणि नोंदीप्रमाणे तो आत्ताही तिथेच होता. स्क्रीनवर मात्र काकांच्या योद्ध्याशिवाय कुणी दिसत नव्हतं.

"काका... हे कुणीतरी तुमच्यासाठी ठेवलंय."

त्यांचा हात थांबला. बराच वेळ राक्षसीण उठलीच नाही.

"माका पण ठेवूक येतला?"

"हो."

त्यांनी जोडवं चिखलावर ठेवलं. "एकाच जोडव्यान कशी चलतली ती..."

थोड्या वेळाने पाहिलं तर ते तिथे नव्हतं. काकांनी कॉम्प्युटर बंद केला आणि सुलक्षणाकडे पेज मागितली. त्यानंतर ते खेळलेले नाहीत. वेळेवर जेवतात, संध्याकाळी भाजी आणायला जातात.

मीही विसरले असते. पण नोंदी पाहणं माझं कामच आहे. त्या दिवशी तो बिननावाचा खेळाडू दलदलीतून निघाला. रोज थोडा थोडा पुढे यायचा. चाचणीसाठी माझा योद्धा ज्या अंगणात उभा असतो, तिथे तो काल पोचला.

आज माझ्या योद्ध्याच्या पायाशी काहीतरी ठेवलेलं आहे. तान्ह्या बाळाचा चांदीचा वाळा. एकच.

मी तो उचललेला नाही. मला दिवस गेलेत, हे मी अजून घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.